दूध सोडून धमन्या मऊ होत नाहीत

‘शरीरात साचलेलं कॅल्शियम हेच शंभर आजारांचं मूळ’ अशा मथळ्याचा एक लांबलचक मेसेज सध्या या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरतोय. त्याचं सार असं: आपण दूध आणि कॅल्शियमच्या गोळ्या जास्त घेतो, जादाचं कॅल्शियम रक्तात उरतं आणि जागा मिळेल तिथे जाऊन बसतं. खांद्यात बसलं की खांदा आखडतो, टाचेत बसलं की काटा होतो, मूत्रपिंडात बसलं की खडा होतो, धमनीत बसलं की ब्लॉकेज, स्तनात बसलं की कॅन्सर, आणि मेंदूतल्या पिनियल ग्रंथीत बसलं की झोप नि स्मरणशक्ती जाते. उपाय काय, तर कॅल्शियम पूर्ण बंद करा, रोज सकाळी व्हिनेगर किंवा लिंबाचं पाणी प्या, सोबत व्हिटॅमिन के-२ घ्या, आणि जमलं तर चिलेशनची, म्हणजे रक्तातले धातू बांधून बाहेर काढणाऱ्या औषधाची, सलाइनं लावून घ्या. तीन महिन्यांनी हृदयाचा कॅल्शियम स्कोअर (हृदयाच्या धमन्यांतल्या कॅल्शियमचा सीटी स्कॅनवरून काढलेला आकडा) काढा. शून्य आला की काळजी मिटली.

स्कॅन आणि एक्स-रे वाचून रिपोर्ट लिहिणं हे माझं रोजचं काम. ‘कॅल्सिफिकेशन’, म्हणजे ऊतकांत कॅल्शियम साचणं, हा शब्द त्या रिपोर्टांत इतक्या वेळा येतो की तो वाचून लोकांच्या मनात काय उलथापालथ होते, याचा लिहिणाऱ्याला विसर पडू शकतो. या मेसेजने त्या भीतीला एक सोपी गोष्ट जोडून दिली आहे, आणि ती गोष्ट खरी मानून लोक डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या परस्पर बंद करू लागले आहेत. म्हणून एकेक दावा घेऊन उत्तर देतोय. मेसेजमध्ये थोडं तथ्यही आहे. ते जिथल्या तिथे सांगेन.

‘जास्त खाल्लेलं कॅल्शियम जागा मिळेल तिथे साचतं’

मेसेजचा सगळा डोलारा या एका वाक्यावर उभा आहे, म्हणून इथे जरा थांबू या.

प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण एक किलो कॅल्शियम असतं. त्यातलं ९९ टक्के हाडांत आणि दातांत. उरलेल्या एका टक्क्यातला अगदी थोडा भाग रक्तात फिरतो आणि त्याची पातळी शरीर विलक्षण काटेकोरपणे सांभाळतं: दर १०० मिलिलिटर रक्तात साधारण साडेआठ ते साडेदहा मिलिग्रॅम. गळ्यात थायरॉइडच्या मागे चार छोट्या पॅराथायरॉइड ग्रंथी असतात. पातळी किंचित घसरली तरी त्यांना कळतं आणि त्या हार्मोन सोडतात. ते हार्मोन हाडांतून कॅल्शियम काढतं, मूत्रपिंडाला लघवीवाटे जाणारं कॅल्शियम अडवायला लावतं आणि व्हिटॅमिन डी सक्रिय करून आतड्यातलं शोषण वाढवतं. पातळी वर गेली की हे हार्मोन कमी होतं आणि जादाचं कॅल्शियम लघवीवाटे निघून जातं. मुळात मोठ्या माणसाच्या आतड्यात खाल्लेल्या कॅल्शियमपैकी जेमतेम पाव ते तिसरा हिस्साच शोषला जातो.

त्यामुळे निरोगी माणसाने एक पेला दूध जास्त प्यायलं म्हणून रक्तातलं कॅल्शियम वाढून बसत नाही. आणि दूध सोडलं म्हणून ते कमीही होत नाही, कारण खाण्यातून आलं नाही तर शरीर ते हाडांतून काढून घेतं. मेसेज ज्याला ‘शुद्धीकरण’ म्हणतो, त्याची किंमत हाडं मोजतात.

मग कॅल्शियम नको तिथे साचतं कसं? ढोबळमानाने दोन वाटा आहेत.

पहिली वाट सगळ्यात जास्त आढळते. एखाद्या जागी ऊतकाला इजा झालेली असते: जुना क्षय, जंतुसंसर्ग, मार, रक्तस्राव, मेलेल्या पेशी, वर्षानुवर्षांची सूज. अशा जागी कॅल्शियम आणि फॉस्फेटचे कण बसतात. रक्तातली कॅल्शियमची पातळी या लोकांत अगदी सामान्य असते. फुप्फुसात क्षयाच्या जंतूंशी लढाई होऊन ती शरीराने जिंकली की तिथे राहिलेला पांढरा ठिपका हा याचाच नमुना. फुप्फुसातली गाठ मध्यभागी किंवा पूर्णपणे कॅल्शियमने भरलेली दिसली, तर मला हायसं वाटतं, कारण अशी गाठ बहुतेक वेळा जुनी आणि निरुपद्रवी असते. तिथे कॅल्शियम हीच चांगली बातमी असते. मेंदूत फीतकृमीच्या अळीने केलेली गाठ मरून सुकली की तिथेही कॅल्शियम बसतं. त्यामुळे कधीकधी फिट्स येतात आणि त्यासाठी औषधं लागतात. यातल्या कशाचाही आहारातल्या कॅल्शियमशी संबंध नाही.

दुसरी वाट कमी आढळते, पण गंभीर आहे. इथे रक्तातलंच कॅल्शियम किंवा फॉस्फेट खरोखर वाढलेलं असतं आणि निरोगी ऊतकांतही साठे होतात. जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिरखो यांनी १८५५ मध्येच हा प्रकार वेगळा ओळखला होता. मूत्रपिंड, फुप्फुसं आणि जठराचं अस्तर इथे हे साठे जास्त दिसतात. ही ऊतकं आम्ल बाहेर टाकतात, त्यामुळे स्वतः थोडी अल्कधर्मी राहतात आणि कॅल्शियमचे क्षार तिथे लवकर बसतात. कारणं ठरलेली आहेत: पॅराथायरॉइड ग्रंथीची गाठ, काही कॅन्सर, सार्कॉइडोसिस (अवयवांत सुजेच्या बारीक गाठी होणारा आजार), व्हिटॅमिन डीचा अतिरेक आणि निकामी होत चाललेली मूत्रपिंडं. यातल्या प्रत्येकाचा उपचार वेगळा. ग्रंथीची गाठ असेल तर ती काढावी लागते, दूध सोडून ती जात नाही.

मेसेज लिहिणाऱ्याने ज्या आजाराचं नावही ऐकलेलं नसावं, असा एक आजार इथे सांगायलाच हवा. पॅराथायरॉइड ग्रंथी काम करेनाशा झाल्या की रक्तातलं कॅल्शियम कमी होतं आणि फॉस्फेट वाढतं. या रुग्णांच्या सीटी स्कॅनमध्ये मेंदूच्या खोल भागात, बेसल गँग्लियात, दोन्ही बाजूंना कॅल्शियमचे ठळक साठे दिसतात. रक्तात कॅल्शियमची टंचाई, मेंदूत कॅल्शियमचा साठा, दोन्ही एकाच माणसात. ‘रक्तात जास्त झालं म्हणून साचलं’ हे सूत्र इथे पूर्ण कोलमडतं.

आणि गोळ्यांना दोष देणाऱ्यांसाठी आणखी एक पुरावा. २०१३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला. त्यात प्राचीन इजिप्त, पेरू, अमेरिकेचा नैर्ऋत्य भाग आणि अल्युशियन बेटं इथल्या १३७ ममींचे सीटी स्कॅन केले होते. त्यातल्या ४७ जणांच्या धमन्यांत कॅल्शियम बसल्याच्या निश्चित किंवा संभाव्य खुणा सापडल्या. कॅल्शियमच्या गोळ्या अस्तित्वात येण्याच्या कित्येक शतकं आधीची ही माणसं.

‘मुतखडा झाला की कॅल्शियम बंद’

हा सल्ला एके काळी डॉक्टरही देत. त्यामुळे मेसेज लिहिणाऱ्याला एकट्याला दोष देता येत नाही. पण हा प्रश्न तपासून निकालात निघाला आहे.

१९९३ मध्ये अमेरिकेत ४५ हजारांहून जास्त पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आहारातून जास्त कॅल्शियम घेणाऱ्यांना खडे कमी झाले होते. मग २००२ मध्ये इटलीतल्या डॉक्टरांनी थेट प्रयोग केला. वारंवार खडे होणारे आणि लघवीत कॅल्शियम जास्त जाणारे १२० पुरुष घेतले. ६० जणांना कमी कॅल्शियमचा आहार दिला, दिवसाला साधारण ४०० मिलिग्रॅम. उरलेल्या ६० जणांना नेहमीएवढं, म्हणजे साधारण १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम, पण मीठ आणि मांसाहार कमी. पाच वर्षांनी कमी कॅल्शियमवाल्या गटात २३ जणांना पुन्हा खडा झाला होता, नेहमीएवढं कॅल्शियम घेणाऱ्यांत १२ जणांना. जवळपास निम्मे.

कारण आतड्यात आहे. बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात. जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला (अन्नातूनच येणाऱ्या एका क्षाराला) धरतं आणि दोन्ही शौचावाटे निघून जातात. कॅल्शियम बंद केलं की ऑक्झलेट मोकळं राहतं, शोषलं जातं, लघवीत उतरतं आणि तिथे कॅल्शियमला गाठतं. म्हणजे मेसेजचा उपाय खड्याचाच कच्चा माल वाढवतो.

गोळ्यांची गोष्ट थोडी वेगळी आहे, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. अमेरिकेतल्या ३६ हजारांहून अधिक स्त्रियांच्या मोठ्या चाचणीत, जिचे निष्कर्ष २००६ मध्ये आले, कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डीच्या गोळ्या घेणाऱ्यांना खडे सुमारे १७ टक्के जास्त झाले. जेवणापासून वेगळी, एकदम मोठ्या मात्रेत घेतलेली गोळी ऑक्झलेटला पकडायच्या वेळी आतड्यात नसते. म्हणून ज्यांना खडे होतात त्यांनी कॅल्शियम शक्यतो जेवणातून घ्यावं, आणि गोळी लागणारच असेल तर ती जेवणाबरोबर घ्यावी, हे डॉक्टरांना विचारून ठरवावं. भरपूर पाणी आणि कमी मीठ हे त्याहून महत्त्वाचं. ‘कॅल्शियम बंद’ हा निष्कर्ष यातून कुठेच निघत नाही.

‘व्हिनेगर कॅल्शियम विरघळवतं’

मेसेजसोबत अंड्याचं कवच व्हिनेगरमध्ये विरघळतानाचा व्हिडिओ असतो. व्हिडिओ खरा आहे. पण तुमच्या जठरातलं आम्ल व्हिनेगरपेक्षा कितीतरी तीव्र असतं आणि जन्मापासून तिथे आहे. आतड्यात उतरताच स्वादुपिंडाचा अल्कधर्मी रस त्याला निष्प्रभ करतो. रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ या अरुंद पट्ट्यात राहतो. व्हिनेगरने तो खरंच खाली गेला असता, तर धमनीतलं कॅल्शियम सुटण्याआधी हाडं झिजली असती आणि माणूस अतिदक्षता विभागात गेला असता. रोज उपाशीपोटी व्हिनेगर पिऊन झिजतं ते दातांचं कवच.

लिंबाबद्दल एक बाजू घ्यायला हवी. लिंबातलं सायट्रेट लघवीत जातं आणि तिथे कॅल्शियमला बांधून ठेवतं, त्यामुळे नवे खडे होण्याला काही प्रमाणात आळा बसतो. डॉक्टर याच तत्त्वावर पोटॅशियम सायट्रेट देतात. पण ते खडे होऊ न देण्यासाठी, आणि ते लघवीत काम करतं. धमनीत, खांद्यात किंवा स्तनात नाही.

‘धमनीतलं कॅल्शियम म्हणजे ब्लॉकेज, स्कोअर खाली आला की बरं झालं, शून्य म्हणजे निर्धास्त’

एका ओळीत तीन चुका आहेत, आणि तिन्ही माणसाला महागात पडू शकतात.

धमनीच्या भिंतीत आधी कोलेस्टेरॉल शिरतं, त्याला खायला पांढऱ्या पेशी येतात, सूज येते, पेशी मरतात. त्या जागी कॅल्शियम बसतं. पण ते नुसतं बसत नाही. भिंतीतल्या स्नायुपेशी आपलं मूळ काम सोडून हाडं घडवणाऱ्या पेशींसारखं वागू लागतात आणि हाडात असतं तेच खनिज, हायड्रॉक्सिअपटाइट, तयार करतात. म्हणजे कॅल्शियम हा त्या आजाराचा मागे राहिलेला पुरावा आहे. आजार सुरू होतो तो कोलेस्टेरॉल, तंबाखू, रक्तदाब आणि मधुमेह यांनी.

कॅल्शियम स्कोअरची पद्धत आर्थर आगॅटस्टन आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये मांडली. हृदयाच्या ठोक्याशी जुळवून सीटीच्या पातळ चकत्या घेतात, डाय टोचत नाहीत. कोरोनरी धमनीच्या रेषेत जिथे घनता १३० एककांपेक्षा जास्त, त्या प्रत्येक ठिपक्याचं क्षेत्रफळ मोजतात, घनतेप्रमाणे त्याला एक ते चार असा भार देतात आणि सगळ्याची बेरीज करतात. शून्य, १ ते ९९, १०० ते ३९९, आणि ४०० किंवा जास्त असे साधारण गट पडतात. या आकड्यावरून भिंतींत मिळून किती आजार साठलाय याचा अंदाज येतो. नळी किती अरुंद झाली हे त्यातून कळत नाही. स्कोअर ५०० असून रक्तप्रवाह मोकळा असलेले लोक मी रोज पाहतो, कारण धमनी बाहेरच्या बाजूला फुगून आतली वाट बराच काळ राखते. उलट धमनीच्या भिंतीतल्या चरबीच्या ज्या गाठीत कॅल्शियम अजून बसलेलं नाही, अशी मऊ, पातळ आवरणाची गाठ फुटून हृदयविकाराचा झटका येऊ शकतो आणि स्कोअरमध्ये ती दिसतही नाही.

यातूनच दुसरी चूक कळते. कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिन औषधं सुरू केल्यावर अनेकांचा कॅल्शियम स्कोअर वाढतो. हे वाचून काही जण औषध फेकून देतात. पण त्याच काळात त्यांचा झटक्याचा धोका कमी झालेला असतो. औषधाने गाठीतली चरबी आणि सूज घटते, गाठ आकसते आणि कडक, घट्ट होते. घट्ट गाठ फुटण्याची शक्यता कमी. वर्षानुवर्षं कसून धावणाऱ्या काही धावपटूंतही स्कोअर जास्त दिसतो. म्हणून स्कोअर खाली आणणं हे उपचाराचं उद्दिष्टच नाही. स्कोअर हा औषध सुरू करायचं की नाही या निर्णयापुरता उपयोगी. तीन महिन्यांनी पुन्हा मोजून ‘प्रगती’ पाहण्यासाठी ही चाचणी नाही. पुढल्या किरणोत्साराचा काहीच उपयोग होत नाही.

तिसरी चूक शून्याची. शून्य स्कोअर ही खरंच चांगली बातमी आहे. पुढच्या काही वर्षांचा धोका बराच कमी असतो. पण सिगारेट ओढणाऱ्या, मधुमेह असलेल्या किंवा वयाने तरुण माणसाला शून्याचा आधार पुरेसा नाही. आणि ज्याच्या छातीत चालताना दुखतं त्याने शून्याकडे बोट दाखवून घरी बसू नये. छातीत दुखतंय म्हणजे पुढची तपासणी हवी, स्कोअर कितीही असो.

मधुमेह आणि मूत्रपिंडाच्या जुन्या आजारात आणखी एक प्रकार दिसतो. धमनीच्या मधल्या थरात कॅल्शियम बसतं आणि नळी कडक होते. योहान म्योंकेबेर्ग यांनी १९०३ मध्ये तो वर्णिला. पायाच्या एक्स-रेत धमनीच्या दोन समांतर रेषा ठसठशीत दिसतात. अशी धमनी रक्तदाब मोजायच्या पट्ट्याने दाबली जात नाही, त्यामुळे घोट्याचा रक्तदाब खोटाच जास्त येतो आणि पायाला रक्त कमी पोचतंय हे झाकलं जातं. मधुमेही माणसाच्या पायाला जखम असेल आणि ही तपासणी ‘उत्तम’ आली असेल, तर पायाच्या अंगठ्यातला रक्तदाब मोजायला सांगावं.

गोळ्या आणि हृदय यांच्या संबंधावर मात्र अजून वाद आहे. गोळ्यांनी झटक्याचा धोका थोडा वाढतो असं दाखवणारी विश्लेषणं २०१० च्या सुमारास आली. नंतरच्या अनेक अभ्यासांत तसं दिसलं नाही. आहारातल्या कॅल्शियमवर मात्र असा ठपका ठेवता आलेला नाही. गरज नसताना गोळ्या खाऊ नयेत, यावर माझं आणि मेसेजचं एकमत आहे.

‘व्हिटॅमिन के-२ कॅल्शियमला धमनीतून काढून हाडात पाठवतं’

कल्पना हवेतून आलेली नाही. धमनीच्या भिंतीत मॅट्रिक्स जीएलए नावाचं प्रथिन कॅल्शियम बसू देत नाही, आणि त्याला कामाला लागायला व्हिटॅमिन के लागतं. १९९७ मध्ये हे प्रथिनच नसलेले उंदीर तयार केले गेले. त्यांच्या धमन्या कॅल्शियमने भरून फुटल्या आणि ते दोन महिन्यांच्या आत मेले. २००४ मध्ये रॉटरडॅममधल्या पाहणीत आहारात के-२ जास्त असलेल्यांच्या महाधमनीत कॅल्शियम कमी आढळलं. इथपर्यंत सगळं आशादायक.

मग माणसांवर चाचणी झाली. डेन्मार्कमध्ये महाधमनीच्या झडपेत कॅल्शियम असलेले ३६५ वयस्क पुरुष घेतले, निम्म्यांना दोन वर्षं रोज ७२० मायक्रोग्रॅम के-२ आणि व्हिटॅमिन डी दिलं, निम्म्यांना बिनऔषधी गोळी. निकाल २०२२ मध्ये आला: झडपेतलं कॅल्शियम दोन्ही गटांत सारख्याच वेगाने वाढलं. साठा विरघळणं तर सोडाच, वाढही थांबली नाही. याच झडपेवर स्टॅटिनही करून पाहिली आहेत, २००५ पासूनच्या तीन चाचण्यांत, आणि तीही अपयशी ठरली. आज झडप फार कडक झाली, चालताना दम लागू लागला, छातीत दुखू लागलं किंवा भोवळ येऊन पडायला झालं, तर झडप बदलणं हाच उपाय. २००२ मध्ये फ्रान्समधल्या आलॅं क्रिबिए यांनी छाती न उघडता, नळीतून झडप बसवून दाखवली, तेव्हापासून म्हाताऱ्या माणसांनाही हा पर्याय मिळाला आहे. अशा रुग्णाने के-२ च्या भरवशावर वर्षभर थांबणं जिवावर बेतू शकतं.

आणि वॉरफेरिन किंवा त्याच जातीचं रक्त पातळ करणारं औषध घेणाऱ्यांनी के-२ ला हातही लावू नये. हे औषध व्हिटॅमिन केच्या विरोधातच काम करतं. के-२ घेतलं की औषधाचा परिणाम उतरतो आणि कृत्रिम झडपेवर गुठळी होऊ शकते. मेसेजमध्ये याचा साधा उल्लेखही नाही, आणि मला सगळ्यात जास्त राग याचाच येतो.

‘चिलेशनने धमन्या साफ होतात’

चिलेशनच्या सलाइनमधलं ईडीटीए हे रसायन रक्तातल्या धातूंना बांधतं. शिशाच्या विषबाधेत त्याचा उपयोग होतो. ते रक्तातलं कॅल्शियमही बांधतं, आणि धोका नेमका तिथेच आहे. डायसोडियम ईडीटीएच्या सलाइनने रक्तातलं कॅल्शियम एकाएकी घसरून अमेरिकेत २००३ ते २००५ या काळात तीन मृत्यू झाल्याची नोंद तिथल्या रोगनियंत्रण केंद्राने २००६ मध्ये केली. धमनीच्या भिंतीत खनिज होऊन बसलेल्या कॅल्शियमला हे औषध खरवडून काढतं, असं कुणीही दाखवलेलं नाही.

हृदयविकारावर दोन मोठ्या चाचण्या झाल्या. १,७०८ रुग्णांच्या पहिल्या चाचणीत, २०१३ मध्ये, थोडा फायदा दिसला, विशेषतः मधुमेहींत. तो खरा आहे का हे पाहायला फक्त मधुमेही रुग्ण घेऊन दुसरी केली. तिचा निकाल २०२४ मध्ये आला: रक्तातलं शिसं निम्म्याहून कमी झालं, पण झटके आणि मृत्यू कमी झाले नाहीत. आधीच्या निकालाची अशी फेरतपासणी होते, म्हणूनच वैद्यकावर विश्वास ठेवता येतो.

‘स्तनात कॅल्शियम म्हणजे कॅन्सर’

मेसेजमधल्या या ओळीने स्त्रियांची झोप उडते, म्हणून हे सविस्तर सांगतो.

मॅमोग्राममध्ये कॅल्शियमचे ठिपके खूप जणींना दिसतात आणि त्यातले बहुसंख्य निरुपद्रवी असतात. मी ते पाहताना तीन गोष्टी बघतो: आकार, मांडणी आणि जुन्या फिल्मशी तुलना. जुन्या फायब्रोअडिनोमाच्या, म्हणजे कॅन्सर नसलेल्या, गाठीतले जाड, ओबडधोबड तुकडे, धमनीच्या दोन समांतर रेषा, त्वचेतले मध्ये पोकळ दिसणारे ठिपके, गोल आणि सारखे विखुरलेले कण, यांना पुढे काहीही करावं लागत नाही. अर्ध्या मिलिमीटरहून बारीक, एकमेकांशी न जुळणाऱ्या आकारांचे, एका जागी दाटलेले किंवा दुग्धनलिकेच्या वाटेने फाटे फुटत गेलेले कण दिसले की मात्र मी थांबतो. नलिकेच्या आतच असलेला, अजून बाहेर न पसरलेला कॅन्सर बऱ्याचदा फक्त याच रूपात दिसतो. हाताला गाठ लागत नाही. बर्लिनचे शल्यचिकित्सक आल्बर्ट सालोमोन यांनी काढून टाकलेल्या सुमारे ३,००० स्तनांचे एक्स-रे काढून हे ठिपके १९१३ मध्ये प्रथम वर्णिले होते.

शंका आली की तेवढ्या भागाचे मोठे करून फोटो घेतात. तरी शंका राहिली तर सुईने बारीक तुकडे काढतात. ते तुकडे लगेच एका छोट्या तबकडीत ओळीने मांडून त्यांचाच एक्स-रे काढला जातो, आणि त्यात ते पांढरे कण दिसेपर्यंत कुणी पुढे जात नाही. कण तुकड्यात नसतील तर सुई योग्य जागी पोचलीच नाही. ‘बायोप्सीत काही नाही’ हे वाक्य या एक्स-रेमुळे विश्वासार्ह ठरतं.

दूध किंवा गोळ्या बंद करून हे ठिपके जात नाहीत, आणि घेऊन येत नाहीत. रिपोर्टवर बायरॅड्स (मॅमोग्राममधली शंका किती हे सांगणारी श्रेणी) २ असेल तर घरी जा आणि निवांत झोपा. ३ असेल तर कॅन्सरची शक्यता २ टक्क्यांहून कमी. सांगितलेल्या मुदतीत पुन्हा फोटो काढा. ४ किंवा ५ असेल तर बायोप्सी करा, तीन महिने व्हिनेगर पिऊन पाहू नका.

पिनियल ग्रंथी, टाच आणि खांदा

पिनियल ग्रंथीत कॅल्शियमचे कण प्रौढांत इतके सर्रास आढळतात की सीटी येण्यापूर्वी डॉक्टर त्यांचा उपयोग करून घेत. कवटीच्या एक्स-रेत तो पांढरा ठिपका मधल्या रेषेपासून सरकलेला दिसला, की एका बाजूला रक्तस्राव किंवा गाठ मेंदूला ढकलते आहे हे कळायचं. तो ठिपका हा आजार नाही, आणि ती ग्रंथी ‘उघडण्या’साठी विकली जाणारी थेंबांची बाटली घेऊ नका.

टाचेचा काटा ही मुळात हाडाची वाढ असते आणि अनेकांना ती असूनही टाच दुखत नाही. दुखतो तो बहुधा तळपायाचा पट्टा.

खांद्याची गोष्ट मला फार आवडते, कारण ती मेसेजला नेमकी उलटी आहे. खांद्याच्या सुप्रास्पायनेटस नावाच्या स्नायुबंधात, साधारण तिशी ते साठीच्या दरम्यान, कॅल्शियमचा गोळा तयार होतो, स्त्रियांत जास्त. तो तयार होताना आणि नुसता असताना फारसं दुखत नाही. शरीर तो स्वतःहून विरघळवायला घेतं तेव्हा सूज येते आणि हात उचलवत नाही, रात्रभर झोप येत नाही, अशा कळा सुटतात. म्हणजे सगळ्यात वाईट दुखणं हे साठा जात असल्याचं लक्षण. त्या टप्प्यात सोनोग्राफीवर पाहत सुई घातली आणि सलाइन आत-बाहेर खेळवलं, की सिरिंजमध्ये टूथपेस्टसारखा पांढरा लगदा येतो. पुष्कळांना त्याच दिवशी हलकं वाटतं. या रुग्णांच्या रक्तातलं कॅल्शियम सामान्य असतं. वेदनाशामक, व्यायाम आणि थोडा धीर, एवढ्यावरही अनेक खांदे बरे होतात.

मेसेजमध्ये खरं काय आहे

जादा कॅल्शियम धोक्याचं ठरतं, पण ठराविक परिस्थितीत. आठवड्यातून एकदा घ्यायची व्हिटॅमिन डीची मोठी मात्रा कुणी रोज घेत राहिलं, किंवा कॅल्शियम कार्बोनेट असलेली आम्लपित्ताची औषधं मूठमूठभर खात राहिलं, तर रक्तातलं कॅल्शियम खरोखर वाढतं. खूप तहान, वारंवार लघवी, बद्धकोष्ठ, मळमळ, सुस्ती, गोंधळल्यासारखं वागणं ही त्याची चिन्हं. अशा वेळी गोळ्या थांबवून त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं. तपासण्या साध्या आहेत: रक्तातलं कॅल्शियम, फॉस्फेट, क्रिएटिनिन, पॅराथायरॉइड हार्मोन, व्हिटॅमिन डी. मूत्रपिंडं निकामी झालेल्यांत फॉस्फेटकडे सगळ्यात जास्त लक्ष द्यावं लागतं, आणि डायलिसिसवरच्या माणसाच्या मांडीवर किंवा पोटावर कातडीत अतिशय दुखणारे, काळे पडत जाणारे चट्टे आले तर एक दिवसही थांबू नये. कातडीच्या बारीक धमन्यांत कॅल्शियम बसून रक्तपुरवठा तुटल्याचं ते लक्षण असू शकतं.

हा मेसेज वाचून ज्यांनी गोळ्या बंद केल्या आहेत, त्यांतल्या दोन प्रकारच्या लोकांशी मला थेट बोलायचं आहे. हाडांच्या ठिसूळपणासाठी तुम्ही डेनोसुमॅबची सहामाही इंजेक्शनं घेत असाल, तर कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी बंद केल्याने रक्तातलं कॅल्शियम धोकादायकरीत्या खाली जाऊ शकतं. आणि तुमची थायरॉइडची शस्त्रक्रिया झाली असेल, त्यात पॅराथायरॉइड ग्रंथींना धक्का लागल्यामुळे डॉक्टरांनी रोजची कॅल्शियमची गोळी लावून दिली असेल, तर ती गोळी म्हणजे तुमच्या ग्रंथीचं काम आहे. ती सोडल्यावर ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येऊ लागल्या, हाताची बोटं आखडू लागली, तर उद्याची वाट पाहू नका. आजच्या आज रुग्णालयात जा आणि तिथे पहिल्यांदा हेच सांगा की शस्त्रक्रिया झालेली आहे आणि कॅल्शियम बंद केलं होतं.